वीज गेली की सम्प वाहतो: मत्स्यालयाच्या कपाटातील ओलीचा शोध आणि कायमचा उपाय

मत्स्यालयाखालच्या कपाटात पाणी साचल्याची तक्रार मी इतक्या वेळा हाताळली आहे की दार उघडण्यापूर्वी मी आता एकच प्रश्न विचारतो: पाणी नेमके केव्हा दिसते? वीज जाऊन आल्यावर, टाकीचे पाणी बदलल्यावर, की रोज थोडे थोडे? या उत्तरातच निम्मा शोध संपतो. टाकी फुटली असावी या भीतीने लोक सर्वप्रथम काचेचे सांधे न्याहाळतात. माझ्या अनुभवात काच क्वचितच दोषी निघते. बहुतेक वेळा पंप थांबल्यावर खाली येणाऱ्या पाण्यासाठी सम्पमध्ये, म्हणजे कपाटात ठेवलेल्या गाळणीच्या खालच्या टाकीत, जागाच ठेवलेली नसते, आणि कपाट आखताना ते पाणी कुणी मोजलेले नसते.

लक्षणे

वीज गेल्यानंतर काही मिनिटांत कपाटातून पाणी बाहेर येते आणि वीज परतल्यावर सारे पूर्ववत दिसते, हे सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. त्याखालोखाल, पाणी बदलल्यानंतर किंवा दोन-चार दिवस बाहेरगावी राहून आल्यानंतर जमिनीवर पाणी सापडते. तिसऱ्या प्रकारात पाणी वाहताना कधीच दिसत नाही. मात्र तळफळीची कड फुगते, लॅमिनेटची पट्टी सुटते, दार चौकटीला घासू लागते, बिजागऱ्या गंजतात आणि दार उघडताच कोंदट वास येतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीत याच्या जोडीला तारांवर, नळ्यांच्या सांध्यांवर आणि सम्पच्या काठावर मिठाचे पांढरे थर चढतात. चौथे लक्षण उलट्या दिशेचे आहे: वरची टाकीच काठावरून सांडते आणि खाली पंप कोरडा घरघरत राहतो. स्किमरचा, म्हणजे पाण्यातला मैला फेसाबरोबर वेगळा काढणाऱ्या यंत्राचा, कप अकारण भरून वाहणे हेसुद्धा अनेकदा सम्पमधील पाण्याची पातळी बिघडल्याचेच चिन्ह असते.

हात घालण्यापूर्वी

कपाटात पाणी असेल तर आत हात घालण्याआधी वीजपुरवठा मुख्य बोर्डावरून बंद करावा; कपाटातले बटण बंद करून भागत नाही, कारण ते बटणच ओले असू शकते. पाणी एक्स्टेन्शन बोर्डाला किंवा सॉकेटला लागले असेल, पाण्याला हात लावताना झिणझिण्या आल्या असतील किंवा गळती प्रवाह ओळखणारा ब्रेकर पडत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून वायरमनला बोलवावे. मत्स्यालयाच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा असा ब्रेकर नसेल, तर बाकीची सर्व कामे बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्यावा.

याच वेळी तारांकडेही पाहावे. पंपाची तार पाण्यातून निघून सरळ उतरत सॉकेटकडे जात असेल, तर पाण्याचे थेंब त्याच तारेवरून ओघळत सॉकेटपर्यंत पोचतात. प्रत्येक तारेला सॉकेटच्या खाली लोंबणारा वळसा द्यावा, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. एका कपाटात मला तारेवर मिठाची अखंड पांढरी रेघ दिसली होती. ती स्किमरच्या पंपापासून निघून थेट प्लगच्या पिनांपर्यंत गेली होती, आणि पिनांभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले होते.

हे पाणी कुठले आहे?

ही तपासणी फुकटात होते, तरीही ती सहसा कुणी करत नाही. तळफळी पुसून पूर्ण कोरडी करावी, तिच्यावर कोरडे वर्तमानपत्र अंथरावे आणि दोन तासांनी पाहावे. कागद जिथे सर्वांत आधी भिजतो, त्याच्या नेमके वर शोधावे. पाणी लाकडावरून बरेच सरकते. त्यामुळे डबके जिथे साचते तिथे गळती असेलच असे नाही.

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आणखी एक खूण आहे. सापडलेल्या पाण्याचा एक थेंब काळ्या प्लास्टिकवर किंवा काचेवर वाळू द्यावा. पांढरा डाग उरला तर ते टाकीचे किंवा सम्पचे पाणी आहे. डाग मुळीच उरला नाही, तर ते एकतर वाफ थंडावून जमलेले दव आहे, नाहीतर बाष्पीभवनाची भर घालणाऱ्या साठवणीचे शुद्ध पाणी आहे. गोड्या पाण्याच्या टाकीत हा फरक इतका ठळक दिसत नाही. तिथे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर उपयोगी पडतो, कारण दवाचे आकडे टाकीच्या पाण्यापेक्षा खूपच कमी येतात. हे आधी कळले, तर सांध्यांना विनाकारण सिलिकॉन फासण्याचे काम वाचते.

पंप मुद्दाम बंद करून पाहणे

सम्पशेजारी बादली आणि पुसणी घेऊन बसावे, सम्पमधले पाणी वर टाकीत परत नेणारा रिटर्न पंप बंद करावा आणि पाणी चढताना पाहावे. पंप थांबला की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचे पाणी खाली सोडणाऱ्या कप्प्याच्या, दात्यांवर असलेले पाणी खाली उतरत राहते. आणि रिटर्नच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल, तर तीच नळी सायफन होऊन टाकीचे पाणी उलट खाली ओढू लागते. तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत हे चालूच राहते.

किती पाणी येईल, हे कागदावर काढता येते. १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. नळीचे तोंड पातळीच्या ५ सेंटिमीटर खाली असेल, तर २७ लिटर पाणी खाली येते. सम्पची आतली मापे ७५ गुणिले ३५ सेंटिमीटर असतील, तर त्यात एका सेंटिमीटरला सुमारे २.६ लिटर मावतात. म्हणजे पातळी १० सेंटिमीटरहून अधिक चढते. नळ्यांमधले आणि ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले पाणी याहून वेगळे, आणि स्किमर, हीटर, फिल्टरचे दगड यांनी अडवलेली जागाही वजा करावी लागते. म्हणूनच मी हिशेबापेक्षा प्रत्यक्ष चाचणीवर अधिक विश्वास ठेवतो.

चाचणीतून एक रेघ मिळवायची असते. पंप बंद ठेवून सारे पाणी खाली येऊ द्यावे. पाणी थांबल्यावर सम्प काठापासून ४-५ सेंटिमीटर खालपर्यंत भरावा किंवा जास्तीचे पाणी काढून तिथवर आणावा. मग पंप सुरू करावा, पातळी स्थिर होऊ द्यावी आणि पंपाच्या कप्प्यात त्या पातळीला बाहेरून ठळक पट्टी चिकटवावी. पंप चालू असताना पाणी या पट्टीच्या वर कधीही जाता कामा नये. पाणी बदलल्यानंतर होणाऱ्या सांडासांडीचे मूळ बहुधा इथेच असते: पंप चालू असताना सम्प अर्धा रिकामा दिसतो, म्हणून माणूस आणखी दोन बादल्या ओततो, आणि पुढची वीज जाईपर्यंत काहीच बिघडत नाही. ती रिकामी दिसणारी जागा टाकीच्या पाण्यासाठीच राखलेली असते.

नळीचे तोंड आणि हवेचे भोक

वरच्या चाचणीत सम्प भरून वाहिला, तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रिटर्नचे तोंड वर उचलणे. ते ५ ऐवजी २ सेंटिमीटर खोलीवर आणले, तर त्याच टाकीतून २७ ऐवजी ११ लिटरच्या आसपास पाणी येते. सायफन तोडण्यासाठी नळीला पातळीच्या जरा खाली लहान भोक पाडण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु शेवाळ, चुन्याचा थर किंवा एखादी गोगलगाय ते भोक बुजवू शकते. मी उघडलेल्या एका जोडावर वाटाण्यापेक्षा लहान गोगलगाय भोकात घट्ट बसलेली होती आणि तेवढ्यानेच खोलीभर पाणी झाले होते. भोक दर महिन्याला दात कोरण्याच्या काडीने मोकळे करावे.

उलटे पाणी अडवणारी झडप बसवली की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. तिच्या पडद्यावर मळ किंवा वाळूचा कण अडकला की ती अर्धवट उघडी राहते. ती बसवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर सम्प लहान घेऊ नये. ती बंद पडली तरी पाणी सम्पमध्ये मावलेच पाहिजे.

आपोआप पाणी भरणारी यंत्रणा

बाहेरगावाहून परतल्यावर पाणी सापडले, तर आधी इकडे पाहावे. पातळीनुसार तरंगून भरणारा पंप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच शेवाळाने किंवा मिठाने अडकतो आणि साठवणीतले सारे पाणी सम्पमध्ये येते. हा स्विच पंपाच्या कप्प्यातच असावा, कारण बाष्पीभवनाने पातळी फक्त त्याच कप्प्यात घटते. इतर कप्प्यांत ती आडव्या काचांच्या उंचीला टिकून राहते.

दुसरा दोष चटकन लक्षात येत नाही. भरणाऱ्या नळीचे टोक सम्पच्या पाण्यात बुडालेले असेल किंवा साठवणीतल्या पातळीपेक्षा खाली असेल, तर लहान पंप थांबल्यावरही सायफनने पाणी येतच राहते. स्विच बदलला, पंप बदलला, तरी सम्प भरतोच, अशी तक्रार आली की मी आधी हे टोक पाहतो. ते साठवणीतल्या सर्वोच्च पातळीच्या वर, हवेत अडकवावे. सम्पची पातळी वीज गेल्यावर चढते, हे लक्षात घेऊन तेवढे अंतर ठेवावे. साठवण शक्यतो एवढीच असावी की ती पूर्ण रिकामी झाली तरी सम्प वाहणार नाही. खाऱ्या टाकीत हा केवळ फरशीचा प्रश्न राहत नाही. एकदम गोडे पाणी मिसळले की क्षारता घसरते आणि प्रवाळांना तो धक्का सोसत नाही.

वरची टाकी सांडते तेव्हा

इथे निचऱ्याची नळी तुंबलेली असते आणि पंप मात्र वर पाणी ढकलतच असतो. ओव्हरफ्लोच्या जाळीत अडकलेली पाने, शेवाळाचा गोळा किंवा मासा काढावा. त्यानंतर हा हिशेब करावा: पंपाचा कप्पा ३० गुणिले ३५ सेंटिमीटरचा असेल आणि पंप ओढू शकेल असे पाणी १८ सेंटिमीटर खोल असेल, तर ते जवळजवळ १९ लिटर होते. वर सांगितलेल्या टाकीत त्यामुळे पातळी साडेतीन सेंटिमीटर चढते. टाकीचा काठ नेहमीच्या पातळीच्या वर तेवढा मोकळा नसेल, तर निचरा तुंबल्याबरोबर पाणी जमिनीवर येणारच. अशा वेळी पंपाच्या कप्प्यात पाणी कमी ठेवावे किंवा पंप वर उचलून बसवावा.

निचऱ्याला एकच नळी असेल, तर दुसरी आपत्कालीन नळी जोडणे मी आवश्यक मानतो. हर्बी पद्धतीत दोन नळ्या असतात: एक झडपेने नियंत्रित पूर्ण सायफनवर चालते आणि दुसरी अडचणीसाठी मोकळी राहते. बीनअ‍ॅनिमल पद्धतीत तीन असतात. ही मोकळी नळी सम्पमध्ये पाण्याच्या वर सोडावी, म्हणजे तिच्यात पाणी येताच आवाज होतो आणि मुख्य नळी तुंबल्याचे कळते.

कपाट दमट राहते

डाग न उरणारे पाणी दाराच्या आतल्या बाजूला आणि वरच्या फळीच्या खाली थेंबांनी जमत असेल, तर ती वाफ आहे. सम्पवर काचेचे किंवा ॲक्रिलिकचे झाकण ठेवावे, कपाटाच्या मागच्या फळीत खाली आणि वर अशा दोन खिडक्या कापाव्यात आणि वरच्या खिडकीवर संगणकातला १२० मिलिमीटरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवावा. पंख्याच्या वाटेत विजेचे बोर्ड येऊ देऊ नयेत, नाहीतर खारट हवा त्यांच्यावरूनच जाईल.

सांधे आणि नळ्यांचे जोड

इथून पुढे काम अवघड होते. टाकीच्या तळाच्या भोकातला बल्कहेड, म्हणजे नळी काचेतून पार नेणारा जोड, गळत असेल, तर त्याचा रबरी वॉशर रुंद कडेच्या बाजूला, शक्यतो पाण्याच्या अंगाला आहे का, हे पाहावे. नट हाताने घट्ट करून वर फार तर पाव फेरा द्यावा. पान्याने जोर लावून काच तडकलेली मी पाहिली आहे, आणि ती दुरुस्ती नंतर कुणाच्याही हातात राहत नाही. टाकी भरलेली असताना या नटाला हात लावू नये. पाणी त्या भोकाच्या खाली उतरवूनच काम करावे.

मूळ आखणी चुकलेली असेल तर

वरचे सारे करूनही सम्पमध्ये पाणी मावत नसेल, तर सम्प बदलावा लागतो, आणि तेव्हाच कपाटाची खरी अडचण समोर येते: सम्प बाहेर निघतच नाही. सम्प आधी ठेवून त्यावर टाकी चढवलेली असते आणि दाराची मोकळी जागा मधल्या उभ्या खांबामुळे अर्धीच उरलेली असते. म्हणून नवे कपाट आखताना मी सर्वप्रथम पुठ्ठ्याचा सम्प बनवतो, बाहेरच्या मापाचा, आणि तो दारातून वाकडा न करता आत-बाहेर करून पाहतो. नळ्यांचे जोडही अर्ध्यावर खोलता येणारे असावेत.

उंचीचे मापही असेच काढावे. स्किमर ५२ सेंटिमीटर उंच असेल आणि त्याचा कप काढायला वर १५ सेंटिमीटर लागत असतील, तर सम्पची तळकाच धरून आत किमान ७० सेंटिमीटर मोकळी उंची हवी. ही मोकळी जागा न ठेवल्यामुळे कप तिरका काढावा लागतो आणि दर आठवड्याला त्यातला मैला फळीवर सांडतो. स्किमरला किती खोल पाणी लागते, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. त्याच्या कप्प्याची आडवी काच त्या उंचीला घ्यावी, म्हणजे पातळी आपोआप स्थिर राहते.

सम्पखाली कडा असलेला उथळ ट्रे ठेवावाच. ११० गुणिले ४२ सेंटिमीटरच्या ट्रेला ५ सेंटिमीटर कडा असेल, तर त्यात २३ लिटर मावतात. त्यात पाण्याची चाहूल देणारा छोटा अलार्म ठेवावा. विजेची सामग्री उभ्या फळीने वेगळ्या केलेल्या कोरड्या कप्प्यात, सम्पच्या काठापेक्षा उंच लावावी.

लाकडाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सम्पच्या कपाटाला एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड वापरू नये. कापलेल्या कडेतून पाणी शिरले की ते फुगते आणि वाळल्यावरही पूर्वीच्या मापावर येत नाही. फिनॉलिक गोंदाचे मरीन प्लायवूड वापरावे आणि त्याच्याही प्रत्येक कडेला, नळीसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाला आतून इपॉक्सी लावावे. कडा उघडी राहिली तर महागडा प्लायही कुजतो. टाकीचे वजन उभ्या फळ्यांवरून सरळ जमिनीत उतरले पाहिजे, ते स्क्रूंवर लटकता कामा नये. मागच्या फळीचे कामही मोठे आहे, कारण चौकट आडवी कलंडण्यापासून तीच रोखते. म्हणून हवेसाठी खिडक्या कापाव्यात, संपूर्ण फळी काढू नये.

स्वतंत्र मत्स्यालयाच्या खोलीत एकाच सम्पवर अनेक टाक्या चालवायच्या असतील, तर वीज जाताच सर्व टाक्यांचे पाणी एकदम खाली येते, हे विसरले जाते. ९० गुणिले ४० सेंटिमीटरच्या तीन टाक्या प्रत्येकी ४ सेंटिमीटर उतरल्या, तर ४३ लिटर पाणी येते. ९० गुणिले ४० च्या सम्पमध्ये ते १२ सेंटिमीटर चढते. प्रत्येक नवी टाकी जोडण्यापूर्वी पट्टीची चाचणी पुन्हा करावी. सम्प दुसऱ्या कोपऱ्यात किंवा भिंतीपलीकडे असेल, तर निचऱ्याच्या नळीला सर्वत्र उतार हवा, मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर. मध्येच चढ किंवा खोलगट भाग आला की हवा अडकते, पाणी गचके देत वाहते आणि ओव्हरफ्लोची पातळी नाचत राहते. पंप निवडताना खोक्यावरचा प्रवाह पाहू नये, कारण तो शून्य उंचीचा असतो. आपल्या उंचीला किती पाणी मिळेल, हे पंपाच्या आलेखावर पाहावे.

इथे थांबावे

काचेत तडा दिसला, टाकीच्या तळाच्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे किंवा सुटलेली कड दिसली, तर पाणी उतरवून मत्स्यालय बांधणाऱ्याला बोलवावे. भरलेल्या टाकीवर बाहेरून सिलिकॉन लावून गळती थांबत नाही. उभ्या फळ्यांच्या पायथ्याशी टोच्या सहज शिरत असेल किंवा टाकी एका बाजूला झुकल्याचे लेव्हलवर दिसत असेल, तर त्याच दिवशी टाकी निम्म्यापेक्षा खाली उतरवावी आणि सुताराला दाखवावे. भरलेल्या टाकीखाली पाचर ठोकू नये. १२० गुणिले ४५ गुणिले ५० सेंटिमीटरच्या टाकीत पाणीच २७० किलोचे असते आणि सम्प, काच, दगड, कपाट धरून भार ४०० किलोंच्या पुढे जातो. वरच्या मजल्यावर जमीन लवल्यासारखी वाटत असेल किंवा खालच्या छताला ओल आली असेल, तर निर्णय स्थापत्य अभियंत्याचाच असावा.

दुरुस्ती झाल्यावर वीज मुख्य बोर्डावरून अर्धा तास बंद ठेवावी आणि तळफळीवर कोरडा कागद अंथरून शेजारी बसून राहावे. वीज परत आल्यावर ओव्हरफ्लोत मिनिटभर गुडगुड होणे स्वाभाविक आहे, कारण नळीतली हवा बाहेर पडत असते. कागद कोरडा राहिला, तर हीच चाचणी पुढच्या महिन्यात भोक साफ करण्याच्या दिवशी पुन्हा करावी. मात्र त्या वेळी भोक साफ करण्याआधी करावी, म्हणजे ते बुजलेले असतानाही सम्प पाणी सामावतो का, हे कळते.